शरदातील घारगे

तांबडा भोपळा अखंड असेपर्यंत कित्येक आठवडे टिकतो. एकदा चिरला की मात्र लवकर संपवावाच लागतो. घारग्यांचा घाट त्यासाठीच. किसलेला भोपळा वाफवून त्यात साधारण निम्मा गूळ विरघळवावा. मिश्रण निवल्यावर वेलची, तेलाचे मोहन, थोडी तांदळाची पिठी आणि मावेल तेवढीच कणीक घालावी. पाण्याचा थेंबही नको. घारगे टिकतात ते त्यामुळेच. गुळाचा हात सैल सुटला तर ते तेलात फुटतात व काळवंडतात, येथे औदार्य कामाचे नाही! दिवाळीपूर्वी खरेदीसाठी बाहेरगावी निघालेल्या व्यापाऱ्याच्या डब्यात असे चार घारगे असले, की गाडी कितीही रेंगाळो, सूर्यास्तापूर्वी त्याचे जेवण उरकते.