८५८ टेराबाइट आणि चार डोंगर

१/१४
२६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री दक्षिण कोरियातील देजॉन शहरात, सरकारी माहिती साठवणाऱ्या राष्ट्रीय केंद्राच्या पाचव्या मजल्यावर आग लागली. वीज गेल्यास सर्व्हर चालू ठेवणाऱ्या लिथियम-आयन बॅटऱ्या हलवण्याचे काम तेथे सुरू होते. आग पूर्ण विझण्यास जवळपास २२ तास लागले. सहाशेहून अधिक शासकीय संगणक-यंत्रणा बंद पडल्या. त्यांपैकी ९६ प्रत्यक्ष जळाल्या.

२/१४
जळालेल्यांत ‘जी-ड्राइव्ह’ ही यंत्रणा होती. सरकारी कर्मचाऱ्यांनी कामाचे दस्तऐवज ठेवावेत म्हणून उभारलेला हा सामाईक साठा. प्रत्येकाला ३० गिगाबाइट जागा. वापरणारे सुमारे सव्वा लाख. त्यातील ८५८ टेराबाइट माहिती गेली, कारण तिची प्रत इमारतीबाहेर कोठेच नव्हती. साठा आकाराने फार मोठा आणि वेगाने मंद असल्यामुळे बाहेर बॅकअप ठेवता आला नाही, असे स्पष्टीकरण देण्यात आले.

३/१४
हे स्पष्टीकरण मान्य करण्याजोगे नाही. तंत्रज्ञानाच्या कसोटीवर ते टिकत नाही आणि इतिहासाच्या कसोटीवर तर मुळीच नाही. एकाच मजकुराच्या प्रती परस्परांपासून दूर ठेवण्याचा नियम ज्या राज्यांनी शतकानुशतके पाळला, त्यांत कोरियातील जोसॉन राजवटीचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

४/१४
जोसॉन राजवटीची ‘इतिवृत्ते’ १३९२ ते १८६३ या ४७२ वर्षांचा, २५ राजांच्या कारकिर्दींचा वृत्तान्त सांगतात. राजाच्या निधनानंतर दरबारी इतिहासकारांच्या दैनंदिन टिपणांवरून त्या कारकिर्दीचे इतिवृत्त तयार होई. टिपणे वाचण्याचा अधिकार खुद्द राजालाही नसे. १९९७ मध्ये युनेस्कोने या ग्रंथांचा ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ नोंदवहीत समावेश केला. मात्र ते आज वाचता येतात याचे श्रेय लेखकांइतकेच ते कोठे ठेवायचे हे ठरवणाऱ्यांना आहे.

५/१४
राजा सेजोंगच्या काळात, १४४५ पर्यंत, या ग्रंथांच्या प्रती चार ठिकाणी पोहोचल्या होत्या: राजधानी, छुंगजू, सॉन्जू आणि जॉन्जू. या व्यवस्थेची पहिली परीक्षा १५३८ मध्ये झाली. सॉन्जू येथील भांडार आगीत भस्मसात झाले. उरलेल्या प्रतींवरून मजकूर पुन्हा तयार करून तेथे ठेवण्यात आला. आजचे अभियंते ज्याला ‘रिस्टोअर’ म्हणतात, ती क्रिया नेमकी हीच.

६/१४
दुसरी परीक्षा अधिक कठोर होती. १५९२ मध्ये जपानी सैन्याने कोरियावर आक्रमण केले आणि चारपैकी तीन भांडारे नष्ट झाली. जॉन्जूची प्रत तेवढी वाचली, तीही आपोआप नव्हे. आन उई आणि सोन होंग-रोक या दोन वयोवृद्ध विद्वानांनी पुढाकार घेऊन ते ग्रंथ नेजांगसान पर्वतात हलवले आणि एक वर्षाहून अधिक काळ त्यांची राखण केली. दोनशे वर्षांचा इतिहास त्या काळात एका प्रतीच्या आधारावर उभा होता.

७/१४
युद्धानंतर राज्य कंगाल झाले होते. तरीही १६०३ ते १६०६ या काळात त्या एकमेव प्रतीवरून तीन नव्या प्रती छापल्या गेल्या. मूळ प्रत आणि छपाईची मुद्रिते धरून पाच संच झाले. या वेळी शहरांवर विसंबण्याची चूक केली गेली नाही. एक संच राजधानीत राहिला. उरलेले चार मानिसान, ओदेसान, थेबेकसान आणि म्योह्यांगसान या चार डोंगरांवर गेले. जवळच्या बौद्ध मठांकडे राखणीचे काम सोपवण्यात आले.

८/१४
प्रत ठेवली म्हणजे कर्तव्य संपले, असेही मानले गेले नाही. ठरावीक वर्षांनी राजधानीतून इतिहासकार डोंगरावर जाई, पेट्या उघडून ग्रंथ उन्हा-वाऱ्यात वाळवी आणि पुन्हा बंद करी. कागदाला कसर आणि ओल लागू नये हा त्यामागचा हेतू. पण त्याच निमित्ताने प्रत जागेवर आहे आणि वाचता येते, याची खात्रीही होत असे. ज्या बॅकअपवरून माहिती परत मिळवून कधी पाहिलेलीच नाही, त्याचा भरवसा धरू नये, हा आजच्या व्यवसायातील दंडकही याहून वेगळा नाही.

९/१४
पुढील तीन शतकांनी ही दूरदृष्टी खरी ठरवली. राजधानीतील संच १६२४ च्या बंडात जळाला. मानिसानच्या संचाला १६३६ च्या मांचू आक्रमणाची झळ पोहोचली. ओदेसानचा संच वसाहतकाळात, १९१३ मध्ये, टोकियोला नेण्यात आला आणि १९२३ च्या महाभूकंपातील आगीत त्याचा बहुतांश भाग गेला. एवढे होऊनही मजकूर अखंड उरला, कारण कोणतीही एक आपत्ती सगळ्या संचांपर्यंत एकाच वेळी पोहोचू शकली नाही.

१०/१४
आता आजच्या यंत्रांकडे वळू. १९८८ मध्ये बर्कली विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ‘रेड’ ही रचना मांडली: अनेक डिस्क एकत्र जोडायच्या आणि माहिती अशी विभागायची, की एक डिस्क बिघडली तरी काही हरवू नये. आजच्या साठवण-यंत्रणा याच विचाराचा विस्तार करून माहितीचे तुकडे, काही जादा तुकड्यांसह, वेगवेगळ्या इमारतींत विखरून ठेवू शकतात. मात्र सर्व डिस्क एकाच छताखाली असतील, तर ही रचना डिस्कच्या मरणापासून वाचवते, छताच्या मरणापासून नाही.

११/१४
‘आकार फार मोठा’ या युक्तिवादाचा हिशेब मांडून पाहावा. २०२१ मध्ये बाजारात आलेल्या एलटीओ-९ या चुंबकीय टेपच्या एका कॅसेटमध्ये, माहिती न दाबता, १८ टेराबाइट मावतात. म्हणजे ८५८ टेराबाइटसाठी ४८ कॅसेट पुरतात. एका ड्राइव्हचा कमाल वेग सेकंदाला ४०० मेगाबाइट धरला, तर एक कॅसेट भरण्यास साडेबारा तास आणि सर्व कॅसेट भरण्यास सुमारे २५ दिवस लागतील. चार ड्राइव्ह लावल्यास आठवडाभर. त्यानंतर रोज बदललेला भागच उतरवावा लागेल. प्रत्यक्षात मंद डिस्क आणि असंख्य लहान फायली यांमुळे हा वेळ बराच वाढेल, हे खरे. पण तो दहापट वाढला तरी चार ड्राइव्हचे काम तीन महिन्यांच्या आत आटोपते. ते कष्टाचे असेल, अशक्य नव्हे.

१२/१४
खर्चाचा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. दुसरी प्रत म्हणजे दुसरी जागा, दुसरी यंत्रणा, दुसरे मनुष्यबळ. आणि आपत्ती न आल्यास हा सारा पैसा वाया गेल्यासारखा दिसतो. पण २०२२ मध्ये खासगी डेटा सेंटरमधील आगीमुळे काकाओची संदेशसेवा कोलमडली, तेव्हा याच सरकारने खासगी कंपन्यांवर पर्यायी व्यवस्थेची सक्ती करणारा कायदा कडक केला होता. दुसऱ्याच्या घराला लावलेला नियम स्वतःच्या घराला न लावणे, ही पैशाची अडचण नव्हे. युद्धाने पोळलेल्या जोसॉन दरबाराकडे याहून कितीतरी कमी पैसा होता.

१३/१४
कोणी म्हणेल, मंजूर झालेले अंतिम दस्तऐवज दुसऱ्या यंत्रणेत सुरक्षित राहिले. गेले ते मसुदे आणि टिपणे. जोसॉनचे इतिहासकारही इतिवृत्त पूर्ण झाल्यावर कच्ची टिपणे ओढ्याच्या पाण्यात धुऊन टाकत. फरक एवढाच, की ते नियमानुसार, काम पुरे झाल्यावर आणि जाणीवपूर्वक केलेले विसर्जन होते. देजॉनमध्ये काय राखावे आणि काय सोडावे हे कोणी ठरवलेच नाही. तो निर्णय आगीने घेतला. एखादे धोरण कसे घडले, कोणता पर्याय का सोडला, हे अंतिम आदेशात क्वचितच लिहिलेले असते. ते मसुद्यांतच सापडते. उद्याच्या अभ्यासकाची आणि आजच्या नागरिकाची हानी तेथे आहे.

१४/१४
लेसरच्या उष्णतेने लिहिणाऱ्या हार्ड डिस्कने २०२४ मध्ये ३० टेराबाइटचा टप्पा गाठला. माहिती काचेत आणि डीएनएमध्ये कोरण्याचे प्रयोगही चालू आहेत. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु धारण करणे वेगळे आणि जतन करणे वेगळे. धारणाशक्ती यंत्रातून येते. जतन करायचे की नाही, हे संस्थेने ठरवायचे असते. म्हणून कोणत्याही शासनाने, विद्यापीठाने वा बँकेने नव्या साठवण-यंत्रणेची घोषणा केली, की तिच्या क्षमतेचा आकडा विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. दुसरी प्रत कोठे आहे? ती शेवटची कधी उघडून पाहिली? आणि ती उघडण्याची जबाबदारी कोणाची? चार डोंगरांवरील भांडारांकडे या तिन्ही प्रश्नांची उत्तरे होती. तहान लागल्यावर विहीर खणता येत नाही, हे त्या दरबाराने तीन भांडारे गमावून शिकून घेतले होते.