मानसशास्त्राची पदवी आणि समुपदेशकाची रिकामी खुर्ची

‘मानसशास्त्र घेऊन पुढे करणार काय?’ हा प्रश्न वाराणसीच्या घरांत जितक्या काळजीने विचारला जातो, तितक्याच काळजीने तो पुण्या-नाशिकच्या घरांतही विचारला जातो. तिकडे या शास्त्राला मनोविज्ञान म्हणतात, एवढाच काय तो फरक. या विषयाला मागणी नाही, असे प्रश्नकर्त्याने मनोमन धरलेले असते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मागणी मुबलक आहे. वाण आहे ती आवश्यक ते शिक्षण शेवटपर्यंत नेणाऱ्यांची.

वाराणसीचे उदाहरण मुद्दाम घेतो. काशी म्हटले की आपल्याला घाट आणि गंगाजल आठवते. परंतु उत्तर भारतात विद्यार्थ्यांना मानसशास्त्रीय मार्गदर्शन मिळावे या विचाराचा धागाही याच नगरीशी जोडलेला आहे. काशी विद्यापीठात अध्यापन केलेले आणि पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयाचे कुलगुरू झालेले आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण समितीच्या शिफारशीतून १९४७ साली अलाहाबादेत, म्हणजे आजच्या प्रयागराजमध्ये, शासकीय मनोविज्ञानशाळा सुरू झाली. मुलाचा कल चाचण्यांनी ओळखून त्याला शिक्षणाची दिशा दाखवावी, हा तिचा उद्देश. आपल्याकडे डॉ. अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनी उभारली, तीही मानसशास्त्राच्याच पायावर. म्हणजे हा विषय आपल्या मातीत नवा नाही. त्याचा व्यवसाय म्हणून विचार करणे मात्र आपण लांबणीवर टाकले.

आता ते लांबवता येणार नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांसंबंधीच्या एका प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा, असे त्यांत म्हटले आहे, आणि खासगी शिकवणी वर्गही त्यातून सुटलेले नाहीत. पूर्वांचल आणि बिहारमधून परीक्षांच्या तयारीसाठी वाराणसीत येऊन लहानशा खोल्यांत राहणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या आदेशाचे मोल वेगळे सांगायला नको. प्रश्न एवढाच, की त्या खुर्चीवर बसणार कोण? पात्र माणूस मिळाला नाही, तर आठवडाभराचे व्यक्तिमत्त्व विकास शिबिर केलेला कोणीतरी तेथे बसेल आणि कागदोपत्री पूर्तता होईल. खचलेल्या मुलासमोर अर्धवट शिकलेला सल्लागार बसवणे हे कोणीही नसण्यापेक्षा धोक्याचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणूनच पदवी आणि व्यवसाय यांतील अंतर पालकांनी समजून घेतले पाहिजे. बी.ए. ही केवळ ओळख आहे. एम.ए. झाल्यानंतरही ‘चिकित्सा मानसशास्त्रज्ञ’ म्हणून रुग्ण तपासता येत नाहीत. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडील नोंदणी लागते. आजवर ही वाट प्रामुख्याने दोन वर्षांच्या एम.फिल.ची होती. नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद केले; या शाखेपुरती प्रवेशाची मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवून मिळाली, आणि पुढील वाट परिषदेच्या नव्या अभ्यासक्रमांतून जाते. या संधिकालाचा लाभ उठवून आकर्षक नावांची प्रमाणपत्रे विकणारे पुष्कळ निघतील. शुल्क भरण्यापूर्वी, आणि शैक्षणिक कर्जाचा अर्ज करण्यापूर्वीही, संस्थेचे नाव परिषदेच्या यादीत आहे की नाही, हे स्वतः पाहावे.

रुग्णालयांतील गरज तर याहून मोठी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उत्तर प्रदेशासह बारा राज्यांची पाहणी झाली. दर शंभर प्रौढांमागे सुमारे दहा जणांना त्या वेळी मानसिक विकार असल्याचे आढळले आणि विकारागणिक सत्तर ते ब्याण्णव टक्के रुग्ण उपचारांविना होते. वाराणसीत पांडेयपूर येथे जुने मनोरुग्णालय आहे. शिवाय मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने अलीकडच्या वर्षांत येथे दोन कर्करोग रुग्णालये उभी केली: लहरतारा येथील होमी भाभा रुग्णालय आणि विश्वविद्यालयाच्या आवारातील महामना मालवीय केंद्र. पूर्वी परळच्या पदपथावर दिवस काढणाऱ्या पूर्वांचलच्या रुग्णांना आता घराजवळ उपचार मिळतात. परंतु गाठीचे निदान ऐकल्यानंतर त्या घरावर काय कोसळते, हे हाताळणे शल्यविशारदाचे काम नव्हे. तेथे मानसशास्त्रज्ञच हवा.

ज्यांचा कल रुग्णसेवेकडे नाही, त्यांनाही वाटा आहेत. प्रयागराजच्या सैन्य निवड मंडळात उमेदवाराने चित्र पाहून लिहिलेल्या गोष्टीवरून त्याचा स्वभाव वाचतो तो मानसशास्त्रज्ञच. आपल्या बँकक्षेत्रातही हे शास्त्र फार पूर्वी आले: १९७५ साली राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्थेत कर्मचारी निवडीचा विभाग निघाला आणि १९८४ मध्ये त्याचीच स्वतंत्र संस्था झाली. शाखेतील खिडकीपलीकडे बसलेला तरुण कर्मचारी तर्कक्षमतेच्या ज्या प्रश्नपत्रिकेतून येथवर पोहोचला, तिच्यामागे मानसमापनशास्त्र आहे, हे ग्राहकांच्या सहसा ध्यानी येत नाही.

अडचण येते ती एम.ए.नंतर. या विषयाकडे मुली मोठ्या संख्येने वळतात, आणि निकाल हाती येतो न येतो तोच घरात स्थळांची चर्चा सुरू होते. नोंदणीसाठी लागणारी पुढची दोन वर्षे नेमकी तेथेच गळतात. पाच वर्षांचे शिक्षण भिंतीवरच्या चौकटीत जाते आणि शाळेतील समुपदेशकाची खुर्ची रिकामीच राहते. डॉक्टर होणाऱ्या मुलीला एम.डी. पूर्ण करू देणारे घर मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलीला त्याच हक्काची दोन वर्षे का नाकारते, याचे पटण्यासारखे उत्तर मला अजून कोणत्याही पालकाने दिलेले नाही.