मोजणीच नाही, मग निष्कर्ष कसले?

समलिंगी विवाहांना कायदेशीर मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला आणि ९ जानेवारी २०२५ रोजी पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या. विवाह हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत होते. समलिंगी सहजीवनाला मान्यता आणि दत्तकाचा हक्क यांवर मात्र पीठ तीन विरुद्ध दोन असे विभागले गेले. निर्णय आता संसदेच्या हाती आहे. या वादात दोन्ही बाजूंनी 'समाजाचे वास्तव' पुढे केले होते. ते वास्तव कोणी, कसे तपासले, हा प्रश्न मात्र निकालानंतरही कायम आहे.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने न्यायालयात सांगितले, की ही मागणी शहरी उच्चभ्रू वर्गाची आहे. यास दुजोरा देणारी कोणतीही आकडेवारी सरकारने मांडलेली नाही, असे तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी सुनावणीतच नमूद केले. 'शहरी' हा शब्दही दिसतो तितका सरळ नाही. मढचे उदाहरण घ्यावे. वेसाव्याहून तरीने काही मिनिटांत गाठता येणारे हे गाव मुंबई महापालिकेच्या हद्दीत आहे आणि जनगणनेच्या लेखी पूर्णतः शहरी आहे. तेथे चित्रीकरणासाठी भाड्याने दिले जाणारे बंगले आहेत आणि मासळी वाळवून संसार चालविणारी कोळी कुटुंबेही आहेत. एकाच शिक्क्याखाली दोन जगे नांदत असतील, तर त्या शिक्क्यावरून माणसांच्या भावजीवनाचा निष्कर्ष काढता येत नाही.

उपलब्ध संशोधन तर उलट दिशेने बोट दाखवते. रूथ वनिता यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भारतातील स्त्रियांच्या परस्परविवाहांची आणि एकत्र केलेल्या आत्महत्यांचीही नोंद केली. त्यांतील अनेक जणी लहान गावांतील, इंग्रजी न जाणणाऱ्या, सामान्य घरांतील होत्या. मध्य प्रदेशातील पोलीस दलातील दोन महिलांनी १९८७ मध्ये परस्परांशी विवाह केला आणि त्यापायी नोकरी गमावली. त्यांना उच्चभ्रू म्हणणे धाडसाचे ठरेल.

वादाचा दुसरा मुद्दा मुलांचा. विवाहित नसलेल्या जोडप्याला एकत्र दत्तक घेता येत नाही, हा नियम बहुमताने कायम ठेवला. केवळ विवाहित जोडपेच मुलाला स्थैर्य देऊ शकते, हे दाखविणारी माहिती सादर झालेली नाही, असे चंद्रचूड यांनी आपल्या अल्पमताच्या निकालपत्रात म्हटले. एकट्या व्यक्तीला दत्तक घेण्याची मुभा कायदा देतोच. त्यामुळे जोडीदारांपैकी एकाने मूल दत्तक घेतले, तर ते दोघांच्या घरात वाढते. पण दुसऱ्याशी त्याचे कायदेशीर नाते शून्य. दत्तक घेणाऱ्याचा मृत्यू झाला, तर ज्या व्यक्तीने त्या मुलाला लहानाचे मोठे केले, तिला पालक म्हणून आपोआप कोणताही हक्क मिळत नाही.

या प्रश्नावर अमेरिकेत दीर्घकाळ संशोधनाचे युद्ध झाले. २०१२ मध्ये मार्क रेग्नेरस यांनी सुमारे तीन हजार तरुणांच्या पाहणीवरून समलिंगी पालकांची मुले मागे पडतात, असा निष्कर्ष काढला. परंतु आई किंवा वडिलांचा कधीकाळी समलिंगी संबंध आला, अशा सर्वांना त्यांनी एका गटात टाकले होते. त्यांतील बहुतेकांची घरे आधीच मोडलेली होती आणि तुलना मात्र अभंग कुटुंबांशी केली गेली. ऊसतोड कामगारांची मुले शाळेत मागे पडली म्हणून त्याचा ठपका स्थलांतराऐवजी त्यांच्या बोलीवर ठेवावा, तसाच हा प्रकार. मिशिगनमधील न्यायालयाने २०१४ मध्ये त्यांची साक्ष अविश्वसनीय ठरविली.

मान्यतेच्या बाजूचे सुरुवातीचे अभ्यासही निर्दोष नव्हते. त्यांतील नमुने लहान होते आणि सहभागी जोडपी बहुधा सुशिक्षित, सुस्थितीतील होती. ही उणीव पुढे मोठ्या अभ्यासांनी भरून काढली. मायकेल रोझेनफेल्ड यांनी २०१० मध्ये अमेरिकी जनगणनेच्या आधारे दाखविले, की पालकांचे उत्पन्न व शिक्षण विचारात घेतल्यावर या मुलांच्या शालेय प्रगतीत लक्षणीय फरक उरत नाही. नेदरलँड्समध्ये २००१ पासून समलिंगी विवाह कायदेशीर आहेत. तेथील सरकारी नोंदींतून समलिंगी पालकांच्या २,९७१ मुलांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ही मुले शिक्षणात मागे पडलेली नव्हती, उलट काहीशी पुढेच होती. पालकांची चांगली आर्थिक स्थिती हे त्याचे एक कारण, हेही संशोधकांनी नोंदविले.

नेदरलँड्समध्ये हे शक्य झाले, कारण शासनदप्तरी या कुटुंबांची नोंद होती. भारतात नेमके उलटे चक्र फिरते : मान्यता नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून माहिती नाही आणि माहिती नाही म्हणून मान्यतेची घाई कशाला, असा सवाल. मुंबईच्याच उपनगरात, देवनार येथे असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते. पाचव्या फेरीत सहा लाखांहून अधिक कुटुंबांची पाहणी झाली. समलिंगी जोडप्यांची घरे मात्र त्यात वेगळी ओळखता येत नाहीत. २०११ च्या जनगणनेत स्त्री व पुरुष यांखेरीज 'इतर' रकान्यात ४ लाख ८७ हजार ८०३ व्यक्ती नोंदल्या गेल्या. पण ती लिंगओळखीची नोंद होती, सहजीवनाची नव्हे. एचआयव्ही नियंत्रणाची निकड भासली, तेव्हा मात्र सरकारने समलिंगी पुरुषांची संख्या सुमारे २५ लाख असल्याचे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितले होते. म्हणजे रोगाच्या चिंतेपोटी माणसे मोजली गेली, घरे नाहीत.

संशोधन सर्वच प्रश्न सोडवू शकत नाही. नागरिकाचा हक्क त्याच्या मुलांच्या गुणपत्रिकेवर अवलंबून ठेवता येत नाही. गरीब वा घटस्फोटित पालकांची मुले मागे पडतात म्हणून कोणी त्यांना विवाहबंदी करीत नाही. पण मुलांच्या हिताचा आणि समाजाच्या वास्तवाचा युक्तिवाद जो करतो, त्याच्यावर ते सिद्ध करण्याची जबाबदारी येतेच.

ही जबाबदारी आता केंद्राची आहे. घटनापीठाला दिलेल्या आश्वासनानुसार मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालील समिती एप्रिल २०२४ मध्ये नेमली गेली. त्यानंतर संयुक्त बँक खाते, शिधापत्रिका यांबाबत खुलासेही निघाले. विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचविणारे सुप्रिया सुळे यांचे एप्रिल २०२२ मधील खासगी विधेयक मात्र ती लोकसभा विसर्जित होताच निष्प्रभ झाले. आगामी लोकसंख्या गणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. एका छताखाली राहणाऱ्या दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना आपले नाते स्वेच्छेने आणि गोपनीयतेच्या हमीसह नोंदविता यावे, एवढी सोय सरकारी पाहण्यांत करणे म्हणजे विवाहाला मान्यता देणे नव्हे. मात्र ती सोय होईपर्यंत 'आपल्या समाजात असे नसते' हे विधान मत म्हणून मांडता येईल, पुरावा म्हणून नाही.