माघातील पेरणी विहिरीस विचारून करावी

माघ महिना लागला की मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारीची काढणी सुरू होते व शेतकऱ्याचे सारे लक्ष खळ्याकडे लागते. ते योग्यच आहे. ज्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले व जी मुख्यत्वे जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते, तिच्यावरच येथील अनेक घरांचा संसार चालतो. परंतु ह्याच धांदलीत मळ्यातील एक काम हातचे निसटते. भेंडी, गवार, काकडी, दोडका ह्या उन्हाळी भाज्यांची पेरणी ते हे काम होय.

काढणी उरकून होळीनंतर पेरू, असे पुष्कळ जण म्हणतात. आमच्या मते ह्यात नुकसान आहे. जानेवारीअखेर टोकलेली भेंडी सुमारे दीड महिन्यात तोडणीस येते. होळीनंतरची भेंडी ऐन वैशाखात फुलावर येते व कडक उन्हाने तिची फुले गळतात. वेलवर्गीय भाज्यांत तर उष्णता वाढली की नरफुलेच अधिक येतात आणि मादीफुले कमी पडतात. म्हणून पेरणी लवकर करावी, हे निर्विवाद आहे.

मात्र किती पेरावे, हा प्रश्न निराळा आहे व आमचा सारा आग्रह त्याविषयीच आहे. माघात विहीर भरलेली दिसते आणि तेथेच मनुष्य फसतो. आम्ही स्वतः एके वर्षी असेच फसलो. वीस गुंठे पेरले आणि चैत्रात पंधरा गुंठ्यांवर डोळ्यांदेखत पाणी सोडावे लागले. हा दोष विहिरीचा नव्हता, आमच्या हिशेबाचा होता.

तो हिशेब असा. २० फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. एक गुंठा जमिनीस दोन इंच पाणी द्यावयाचे तर सुमारे ५,१०० लिटर लागते. उपशानंतर पाण्याच्या पातळीवर खूण करावी व दुसऱ्या दिवशी त्याच वेळी झरा किती भरला ते पाहावे. समजा, तो दीड फूट भरला. म्हणजे दिवसास सुमारे १३,३०० लिटर आवक झाली. घर व जनावरे ह्यांस हजार लिटर सोडले, तर रोज दोन गुंठ्यांहून थोडे अधिक भिजते. माघात नऊ दिवसांनी पाळी दिली तरी चालते. तेव्हा वीस गुंठे सहज निभतील असे वाटते.

चैत्रात हीच आवक निम्मी धरावी. मग घरखर्च वजा जाता रोज जेमतेम एक गुंठा भिजतो आणि उन्हामुळे पाळी मात्र पाचव्या दिवशी लागते. म्हणजे खरी पेर पाच गुंठ्यांचीच! पिकाची तहान वाढते तेव्हाच विहीर आटते, हे माघात ध्यानी ठेवले पाहिजे. ठिबक असेल त्याने आपला हिशेब निराळा मांडावा. पण मांडल्यावाचून राहू नये.

पाच गुंठ्यांचे काम काढणीच्या दिवसांतही होते. चांगले कुजलेले शेणखत मिसळून वाफे व आळी करावी. थंडीमुळे काकडी-दोडक्याचे बी उशिरा रुजते. म्हणून ते रात्रभर भिजवून, ओल्या फडक्यात बांधून उबदार जागी ठेवावे व मोड दिसताच टोकावे. काळ्या जमिनीच्या भेगांतून पाणी खाली निघून जाते, यास्तव हलकी खुरपणी करून भेगा बुजवाव्या आणि पिकाच्या बुडाशी पालापाचोळा पसरावा. वेलांस आधाराला तुराट्या पुरेत.

थोडे पेरणे हा कमीपणा आहे, असे कित्येकांस वाटते. परंतु अर्ध्यावर करपलेल्या वीस गुंठ्यांत बी, खत, मजुरी आणि पाणी ही चारही बुडतात. पाच गुंठे नीट पिकले तर घरास ताजी भाजी मिळून चार पैसेही हाती येतात. दुष्काळात धान्याचे कोठार खुले करणाऱ्या दामाजीपंतांचे हे गाव. कोठाराची किंमत येथे कोणास सांगावयास नको. विहीर हेही कोठारच आहे. त्यात किती शिल्लक आहे व पुढे किती पडणार आहे, हे पाहूनच ते उघडावे, एवढीच आमची शेतकरीबंधूंस विनंती आहे.