कानवल्याची मुरड आणि अलंकाराचा प्रश्न

दिवाळीच्या सुमारास नियतकालिकांची पाककृतींची पाने फराळाच्या ‘सजावटी’ने भरून जातात. बर्फीवर वर्ख कसा चिकटवावा, लाडवांवर बेदाणा कोठे बसवावा, कोणत्या पदार्थाला कोणता रंग द्यावा, ताटात कशाशेजारी काय शोभेल, यांविषयीच्या सूचना तेथे असतात. त्यांत गैर काही नाही. सणात जिभेइतकाच डोळ्यांचाही वाटा असतो. परंतु या सूचनांच्या मुळाशी असलेले एक गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे. पदार्थ आधी सिद्ध होतो आणि शोभा मागाहून त्याच्यावर चढविली जाते, असे ते गृहीत आहे. मराठी घरांतील सणाच्या पक्वान्नांची परंपरा मात्र याहून फार वेगळे काही सांगते.

करंजीचेच उदाहरण घ्यावे. पारी लाटून तीत खोबरे, खसखस आणि पिठीसाखर यांचे सारण भरले, कडेला दुधाचे बोट लावून ती मिटली, की कामाचा कठीण भाग सुरू होतो. कड अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून थोडीथोडी आत दुमडत नेली की दोरीच्या पिळासारखी नक्षी उमटते. हीच मुरड. ती दिसते देखणी. परंतु देखणेपणा हे तिचे पहिले प्रयोजन नव्हे. कड नीट मिटली नाही तर करंजी तळणीत उघडते, सारण तुपात उतरून जळते, आणि पुढचा सारा घाणा काळवंडतो. जी रेषा डोळ्याला नक्षी वाटते, ती वस्तुतः पदार्थाची शिवण असते. घाईच्या वेळी कातणे फिरवूनही कड कापता येते आणि ती दातेरी कडही शोभून दिसते. पण मुरडीचा दुहेरी बंदोबस्त तिच्यात नसतो.

चिरोट्याचे पापुद्रे असेच साधतात. लाटलेल्या पोळ्यांमध्ये तूप आणि तांदळाचे पीठ फेसून केलेला साटा लावायचा, त्यांची गुंडाळी करून तुकडे कापायचे आणि ते बेताने लाटून मंद आचेवर तळायचे. साट्यामुळे थर एकमेकांना चिकटत नाहीत, आणि तळताना ते पाकळ्यांसारखे उमलतात. अनारशाची गोष्ट याहूनही नाजूक. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी पालटून, सावलीत सुकवून कुटायचे. गूळ मिसळून ते पीठ काही दिवस मुरू द्यायचे. मग खसखशीवर थापलेला अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता, वरून तूप उडवीत तळायचा. पीठ नीट मुरले असेल तर जाळी पडते. ती कोणी काढीत नाही. प्रमाण चुकले की अनारसा तुपात विरघळून पसरतो, आणि अशा वेळी मराठी स्त्री म्हणते की अनारसा ‘हसला’. फसलेल्या पदार्थाच्या तोंडी हसू घालणाऱ्या या क्रियापदाची दखल एखाद्या शैलीविषयक निबंधाने घ्यावयास हरकत नव्हती.

अलंकार हा बाहेरून चढविलेला दागिना की काव्यशरीराचाच भाग, हा वाद भारतीय साहित्यशास्त्राला नवा नाही. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या दुसऱ्या उद्द्योतात त्याचा जो निकाल लावला, तो स्वयंपाकघरालाही चपखल लागू पडतो. रसात रमलेल्या कवीला ज्यासाठी निराळा यत्न करावा लागत नाही, तोच अलंकार ध्वनिकाव्यात त्याला मान्य आहे. यमकासाठी मुद्दाम शब्द शोधीत बसावे लागते, म्हणून शृंगारात ते त्याला नको आहे. मुरड ही या अर्थाने ‘अपृथग्यत्ननिर्वर्त्य’ आहे, आणि बर्फीवरील वर्ख हे यमक आहे. मुरड घालण्यास श्रम पडत नाहीत असे येथे म्हणावयाचे नाही. पुष्कळ पडतात. परंतु ते करंजी घडविण्याच्या श्रमांहून निराळे काढून दाखविता येत नाहीत.

मुरडीला अर्थही आहे. ‘मुरडणे’ म्हणजे वळणे, मागे फिरणे. भाद्रपदात गौरी माहेरपणाला येतात आणि तिसऱ्या दिवशी त्यांची बोळवण होते. त्या वेळच्या नैवेद्यात अनेक घरांत मुरडीचा कानवला असतो, तो गौरीने पुन्हा मुरडून यावे म्हणून. सासरी निघालेल्या लेकीच्या शिदोरीतही तो याच हेतूने ठेवला जाई. पंचांगाच्या हिशेबाने भाद्रपद वर्षा ऋतूत मोडतो हे खरे. परंतु तेथे बांधलेला हा अर्थ आश्विन-कार्तिकातील करंजीच्या कडेवरही राहतोच. तोंडाने उघड बोलता न येणारी विनवणी स्त्रियांनी पिठाच्या कडेवर घातली.

मराठीच्या सीमेबाहेर पाहिले की या अर्थाचे वेगळेपण ध्यानात येते. गुजरातीत दिवाळीच्या घूघऱ्याच्या अशाच कडेला ‘कांगरी’ म्हणतात. तटबंदीच्या कंगोऱ्यांची प्रतिमा त्या शब्दात आहे. हिंदीत गुझियाची कोर ‘गोंठतात’. तेथे सारे लक्ष काठाच्या घडणीवर आहे. (गुझिया मुख्यतः होळीची, म्हणजे वसंतातली, हा भेद येथे गौण आहे.) क्रिया बहुतांशी एकच, पण एका भाषेला तीत किल्ला दिसतो, दुसरीला काठ, आणि मराठीला परतीची वाट. तौलनिक अभ्यासाला याहून सुटसुटीत उदाहरण क्वचितच मिळेल. तरीही भारतीय भाषांच्या विभागांत त्याची चर्चा सहसा होत नाही.

बंगालचा दाखला या प्रतिपादनाला थोडा छेद देतो, म्हणून तो टाळणे योग्य नव्हे. आश्विन पौर्णिमेच्या कोजागरी लक्ष्मीपूजेला तेथे नारळाचे नाडू वळतात, त्यांवर नक्षी नसते. परंतु संदेश आणि चंद्रपुली यांना साचा लागतो. लाकूड, दगड किंवा भाजलेली माती यांत मासा, शंख, आंबा, फूल यांच्या आकृती उलट्या कोरलेल्या असतात. काही साच्यांत अक्षरेही असतात, तीही छापखान्यातील खिळ्यांप्रमाणे उलटी, म्हणजे मिठाई आधी वाचावयाची आणि मग खावयाची. येथे शोभेसाठी निराळे साधन आहे, निराळा यत्न आहे, आणि तरीही ती कला उणी ठरत नाही. मात्र महत्त्वाचा फरक तिच्या वाट्याला आलेल्या आदरात आहे. अवनींद्रनाथ ठाकुरांनी ‘बांगलार ब्रत’ (१९१९) मध्ये व्रतांच्या आलपनेकडे कला म्हणून पाहिले, आणि गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी लोककलेच्या आपल्या संग्रहात मिठाईचे साचे जमविले. साचा जमविता येतो, कपाटात ठेवता येतो. मुरड ठेवता येत नाही. ती बोटांत असते आणि त्याच दिवशी खाल्ली जाते.

छापील पाकशास्त्राने ही उणीव भरून काढली, असेही नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ (१९१०) आणि कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ (१९७०) यांचे मराठी घरांवरील ऋण मोठे आहे. पण या वाङ्मयप्रकाराची भाषा प्रमाणांची आहे. वाटी, चमचा, आच येथवर ती नेमकी असते. ‘मुरड घालावी’ या दोन शब्दांपाशी ती स्वभावतःच थांबते, कारण पुढचे आईकडून मुलीला कळेल, असा भरवसा तिला असतो. आता तो भरवसा धरता येत नाही. तयार फराळ घराघरांत येतो. ते स्वाभाविक आहे, आणि स्त्रियांच्या जागरणांचा विचार करता स्वागतार्हही आहे. परंपरा राखण्यासाठी कोणी पहाटेपर्यंत तळणीसमोर बसावे, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार विद्वानांना नाही.

अपेक्षा करावयाची तर ती विद्वानांकडूनच करावी लागेल. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती मुकी झाली, आणि ओव्या विरू लागल्या, तेव्हा साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये त्या वेचल्या, पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा फार मोठा संग्रह उभा केला. ओवीला शब्द होते, म्हणून ती साहित्यात मोजली गेली. मुरडणे, हसणे, मुरणे, फेसणे, जाळी पडणे या शब्दांनाही तोच न्याय लागू व्हावयास हवा. त्यासाठी एखाद्या विभागाने दिवाळीपूर्वीच्या आठवड्यात चार विद्यार्थी तंजावर, बडोदे, इंदूर, गोवे येथील मराठी घरांत पाठवावेत, आणि त्यांनी पाककृती नव्हे तर क्रियापदे लिहून आणावीत. कोणती कड कोणत्या शब्दाने मिटते, तो शब्द आजी उच्चारते की सूनही, आणि अनारसा तेथेही हसतो की तेथे त्याला दुसरेच काही होते, एवढे जरी नोंदले गेले तरी कोशकारांना काही वर्षे पुरेल इतके काम हाती येईल.