राउटरच्या खोक्यावरचे ज्ञान

अमेरिकेत राहणाऱ्या आणि कंप्युटरशी दुरून का होईना संबंध असलेल्या माणसाला भारतातून येणाऱ्या फोनवर दोन प्रश्न हमखास विचारले जातात. एक, "तिकडे थंडी किती?" आणि दुसरा, "राउटर कुठला घेऊ?" पहिल्याचे उत्तर मी आनंदाने देतो. दुसऱ्याचे द्यायचे जिवावर येते, कारण विचारणाऱ्याने ते आधीच ठरवलेले असते, त्याला फक्त माझी मान डोललेली हवी असते. माझ्या मामेभावाचेच घ्या. "दादा, वायफाय सिक्स घेऊ की सेव्हन? सेव्हनमध्ये एमएलओ आहे ना? आणि 4096 क्वाम?" सगळे तोंडपाठ. मी विचारले, "अरे, आत्ता घरात जो डबा लुकलुकतोय त्याचे सॉफ्टवेअर शेवटचे कधी अपडेट झाले?" पलीकडे शांतता. "त्याला सॉफ्टवेअर असते?"

बिचाऱ्याचा दोष नाही. नेटवर्किंगच्या हार्डवेअरबद्दल "अपडेट राहणे" याचा जो अर्थ आपल्याकडच्या हौशी मंडळींत रूढ झाला आहे त्याच्याशीच माझे भांडण आहे. नवे मॉडेल कुठले आले, खोक्यावर आकडा किती, अँटेना किती, याची यादी डोक्यात ताजी ठेवणे म्हणजे म्हणे ज्ञान. मग मिक्सरच्या दुकानातल्या सेल्समनला आपण इलेक्ट्रिकल इंजिनियर का म्हणत नाही?

"तंत्रज्ञान इतक्या वेगाने बदलतेय, मागे पडून कसे चालेल?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते ऐकले की बोलणारा काहीतरी विकतोय असे वाटते. वस्तुस्थिती पाहा. 1973 साली कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफने इथरनेटचे टिपण लिहिले. पहिल्या जाळ्याचा वेग होता सेकंदाला 2.94 मेगाबिट. 1980 मध्ये डीईसी, इंटेल आणि झेरॉक्सने मिळून जे स्टँडर्ड काढले त्यात 48 बिटांचा पत्ता आणि फ्रेममध्ये जास्तीत जास्त 1500 बाइट मजकूर, हे ठरले. 2024 च्या फेब्रुवारीत 800 गिगाबिटच्या इथरनेटचे स्टँडर्ड मंजूर झाले. वेग लाखो पटींनी वाढला, आणि पत्ता? 48 बिट. फ्रेमची ठरलेली मर्यादा? 1500 बाइट. आयपीचे जे पाकीट तुमच्या मोबाइलमधून आत्ता निघाले त्याची रचना 1981 मध्ये लिहिलेली आहे (आयपीव्ही सिक्स असेल तर नव्वदच्या दशकातली). म्हणजे ज्याने पंचवीस वर्षांपूर्वी हे नीट शिकून घेतले त्याचे भांडवल अजून शाबूत आहे. ज्याने त्या वर्षी खोक्यावरचे आकडे पाठ केले त्याचे भांडवल भंगारात गेले, डब्यासकट.

नोकरीच्या निमित्ताने मी मुलाखती घेतो. उमेदवार इथलेही असतात, आपलेही असतात. वायफाय सेव्हनमध्ये नवीन काय, यावर दहा मिनिटे सुरेख बोलतात. मग मी विचारतो, स्विचकडे अशी फ्रेम आली की जिचा पत्ता त्याच्या तक्त्यात नाहीच, तर तो काय करेल? (जिथून आली ते पोर्ट सोडून बाकी सगळ्या पोर्टांवर पाठवून देईल. एवढेच.) इथे निम्मे गळतात. यात देशी-विदेशी भेद नाही, अमेरिकन पोरेही तितकीच गळतात. आपली मंडळी फक्त सर्टिफिकेट दाखवून गळतात.

आता त्या खोक्यावरच्या आकड्याकडे वळू. समजा लिहिले आहे "एएक्स 5400". सामान्य माणूस समजतो, सेकंदाला 5400 मेगाबिट. हा आकडा येतो कुठून? 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यावरचे 574 आणि 5 गिगाहर्ट्झवरचे 4804 यांची बेरीज 5378, मग वरचा शून्याचा आकडा. तुमचा फोन एका वेळी यातल्या एकाच पट्ट्यावर बोलणार. एसटी ताशी 60 ने जाते आणि लोकल 80 ने, म्हणून मी ताशी 140 ने प्रवास करतो असे म्हणण्यासारखेच हे. बरे, ते 4804 तरी मिळते का? त्याला समोरच्या यंत्रातही चार अँटेना हव्यात. बहुतेक फोन-लॅपटॉपमध्ये दोन असतात, म्हणजे निम्मे गेले. शिवाय हवा सगळ्यांची एकच, एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे, त्यामुळे उरलेल्यातलेही बरेच ताटकळण्यात आणि निरोपानिरोपीत जाते. हे सगळे कागदावर कायदेशीर आहे, आणि माझ्या मते शुद्ध बनवाबनवी आहे.

त्याहून मोठी गोम भिंतींची. राउटरांची जी परीक्षणे तुम्ही वाचता ती बरीचशी अमेरिकेत लिहिलेली असतात. इथली घरे लाकडी सांगाड्याची, आतल्या भिंती म्हणजे अर्ध्या इंचाचा जिप्समचा बोर्ड, मध्ये पोकळी, पलीकडे पुन्हा बोर्ड. जोरात दार आपटले तर भोक पडते. अशा घराच्या दुसऱ्या टोकाला किती वेग आला याचा आलेख पाहून आपण कोथरूडच्या फ्लॅटसाठी राउटर निवडतो, जिथे मध्ये विटांची भिंत, आरसीसीचा कॉलम आणि वर गोदरेजचे कपाट! फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितकी ती भिंतीत जिरते, म्हणजे 5 आणि 6 गिगाहर्ट्झचा जो काही चमत्कार परीक्षणात आहे तो आपल्या हॉलमधून बेडरूमपर्यंत पोचेपर्यंत धापा टाकतो. 6 गिगाहर्ट्झचा तर आणखीच विनोद. अमेरिकेत तो पट्टा एफसीसीने 2020 च्या एप्रिलमध्ये खुला केला. त्यानंतर पाच वर्षे उलटली तरी भारतात तो खुला नव्हता, आणि त्या काळातही "सिक्स-ई घेऊ का" असे विचारणारे फोन मला येतच होते. अशा घराला औषध एकच, वायर. हॉलमधून बेडरूमपर्यंत कॅट-सिक्सची एक वायर ओढा आणि तिकडच्या टोकाला जुनाच एखादा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा. पण वायरीला खोके नसते, आणि मित्रांना दाखवण्यासारखे तिच्यात काही नसते.

तुम्ही म्हणाल, वेग वाढवला की अडचणी आपोआप जातात, मग एवढे कशाला शिकायचे? याचे उत्तर इथल्याच एका प्रकरणात आहे आणि ते मला फार आवडते. 2010 च्या सुमारास जिम गेटिस नावाच्या इंजिनियरला (एक्स विंडो सिस्टिमच्या मूळ कर्त्यांपैकी एक) घरच्या केबल कनेक्शनवर एक विचित्र गोष्ट दिसली. मोठी फाइल वर चढवायला लागली की बाकी सगळे इंटरनेट गुदमरायचे. वेग भरपूर, तरी गुदमर. कारण निघाले हार्डवेअरमध्येच. मेमरी स्वस्त झाली म्हणून कंपन्यांनी मोडेम-राउटरमध्ये भले मोठे बफर बसवले होते. पाकीट टाकून द्यायचे नाही, रांगेत उभे करायचे. गणित सोपे आहे: 256 किलोबाइटचा बफर भरला आणि वरचा वेग 1 मेगाबिट असला तर रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या पाकिटाला दोन सेकंद थांबावे लागते. दोन सेकंदांत व्हिडिओ कॉलवरची आजी "ऐकू येतंय का" असे तीनदा विचारून होते.

आणि वाईट म्हणजे पाकिटे टाकली न गेल्याने टीसीपीला गर्दी झाल्याचे कळतच नाही. गर्दी ओळखून वेग कमी करण्याची ही युक्ती व्हॅन जेकबसनने 1988 मध्ये मांडली होती. त्याच्या मागे 1986 चा प्रसंग आहे. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर चारशे यार्ड, आणि त्यांच्यामधला वेग सेकंदाला 32 किलोबिटवरून 40 बिटवर कोसळला होता. किलोबिट नव्हे, बिट! चिठ्ठी देऊन शिपाई पाठवला असता तर लवकर पोचला असता. तर त्याच जेकबसनने 2012 मध्ये कॅथलीन निकोल्सबरोबर "कोडेल" नावाची रीत काढली. रांग किती लांब आहे ते पाहू नका, पाकीट रांगेत किती वेळ उभे आहे ते पाहा आणि फार वेळ झाला तर टाकून द्या. तिची सुधारलेली आवृत्ती त्याच वर्षी लिनक्समध्ये आली. एका जुन्यापान्या राउटरवर ती बसवली तर तो व्हिडिओ कॉलच्या बाबतीत नव्या कोऱ्या महागड्या डब्याला मागे टाकू शकतो. खोक्यावर मात्र याची ओळ क्वचितच दिसते, कारण रांगेचा आकडा जितका लहान तितका चांगला, आणि लहान आकड्याला गिऱ्हाईक नाही.

तुम्हाला हे घरबसल्या तपासता येईल, तेही फुकट. एका खिडकीत पिंग चालू ठेवा, दुसरीकडे एखादा मोठा व्हिडिओ अपलोडला लावा आणि आकडे पाहा. 20 मिलिसेकंदाचे 600 झाले तर नवा राउटर घेण्याआधी जुन्याच्या सेटिंगमध्ये "क्यूओएस" किंवा "एसक्यूएम" आहे का ते बघा. ही दहा मिनिटे मला दहा परीक्षणांपेक्षा मोलाची वाटतात.

नव्याला माझा विरोध आहे असे कुणी समजू नये. डब्ल्यूपीए-थ्री आले ते बरेच झाले. दाट वस्तीच्या इमारतीत 6 गिगाहर्ट्झचा मोकळा पट्टा ही खरी चैन आहे. पण या गोष्टी समजायला ज्याचा पाया पक्का आहे त्याला एक रविवार पुरतो.

पाया पक्का असणारा माणूस कसा दिसतो ते मी अमेरिकेत येण्याआधीच पाहिले होते. 2000 नंतरच्या दशकात आपल्या शहरांत केबलवाले इंटरनेट देत असत, आठवतेय? या गच्चीवरून त्या गच्चीवर वायर, आणि मध्ये पत्र्याच्या डब्यात स्वस्तातला स्विच. ते सांभाळणारा पोरगा बहुधा बारावीही झालेला नसे. पण तांब्याची वायर शंभर मीटरपलीकडे भरवशाची नाही हे त्याला माहीत, वळवाच्या पहिल्या पावसात वीज कडाडली की कुठला स्विच जाणार हे माहीत, आणि कुणी एकाच वायरीची दोन्ही टोके एका स्विचमध्ये खोचली की अख्खी सोसायटी बंद पडते हेही माहीत. या शेवटच्या दुखण्यावर रेडिया पर्लमनने 1985 मध्ये डीईसीत असताना स्पॅनिंग ट्रीचा उपाय काढला होता. पोराला ते नाव ठाऊक नसेल, रोग मात्र नाडी धरून ओळखायचा. त्याला कुणी "टेक्नॉलॉजी एन्थुझियास्ट" म्हटले नाही. असो.

इथे अमेरिकेत हौशी माणसाला एक सोय आहे. ऑफिसे काढून टाकतात ते चोवीस पोर्टांचे स्विच ईबेवर किरकोळ किमतीत मिळतात. पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजतो आणि वीज खातो, पण व्हीलॅन म्हणजे काय हे हाताने कळते. आपल्याकडे जुन्या बाजारात शोधले तर तेही मिळेल. नाहीतर ओपन-डब्ल्यूआरटी आहेच. लिंक्सिसच्या एका राउटरमध्ये लिनक्स आहे हे उघड झाल्यावर 2003 मध्ये कंपनीला त्याचा सोर्स कोड द्यावा लागला, आणि त्यातून 2004 मध्ये हा प्रकल्प उभा राहिला. अनेक जुने डबे त्याने आजही जिवंत ठेवले आहेत.

हौसेची थट्टा इथवर ठीक, पण यात खरा धोका आहे. 2018 च्या मे महिन्यात एफबीआयने लोकांना घरचे राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितले होते. व्हीपीएनफिल्टर नावाच्या कीडीने निदान 54 देशांत पाच लाखांवर यंत्रे पोखरली होती. 2024 च्या जानेवारीत अमेरिकेच्या न्याय खात्याने जाहीर केले की चिनी सरकारशी संबंधित हॅकरांनी इथल्या शेकडो लहान ऑफिसांतले आणि घरांतले राउटर ताब्यात घेऊन त्यांच्याआडून हल्ल्यांची वाट काढली होती. त्यातले बहुतेक सिस्को आणि नेटगिअरचे, आणि कंपनीने दुरुस्त्या देणे बंद केलेले, म्हणजे "एंड ऑफ लाइफ". मालकांना पत्ताही नव्हता. डबा लुकलुकत होता, सिनेमा दिसत होता.

खोक्यावर छापायला हवी ती हीच तारीख: याला सुरक्षेच्या दुरुस्त्या कधीपर्यंत मिळतील. ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून कायद्यानेच कंपन्यांना ही मुदत जाहीर करावी लागते. कॅलिफोर्नियाने 2020 पासून प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड किंवा पहिल्याच वेळी तो बदलण्याची सक्ती केली, पण तारखेचे काही नाही. मागच्या महिन्यात शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या राउटरची तारीख मी शोधत होतो. कंपनीच्या संकेतस्थळावर आधाराच्या पानातून दुसऱ्या पानात, तिथून एका पीडीएफमध्ये, पंचेचाळीस मिनिटांनी सापडली. चार वर्षांपूर्वीच उलटून गेलेली. नव्या मॉडेलची जाहिरात त्याच पानावर सगळ्यात वर होती.