जुनी मढी

'फादर, जुनी मढी कशाला उकरायची? गेलेल्यांना प्रभूच्या हाती सोपवावे आणि मोकळे व्हावे.' आपल्या धर्मग्रामातील एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला हे ऐकवले. स्वर कळवळ्याचा होता, म्हणूनच त्याला जाहीर उत्तर देणे अगत्याचे वाटते. हे वाक्य श्रद्धेचे भासते. माझ्या मते ते आळसाचे आहे, आणि कधीकधी त्याहूनही वाईट कशाचे तरी.

प्रसंग साधा होता. तुमसरकडील मँगेनीजच्या खाणीत एके काळी मजुरीला आलेल्या कुटुंबातील नातू आपल्या आजीच्या स्नानसंस्काराची नोंद शोधत आला होता. आजीची भावंडे कोठे पांगली, हे त्याला जाणून घ्यायचे होते. त्याचे पहिले पत्र माझ्याच टेबलावर चार महिने पडून होते, हेही सांगून टाकतो.

आपण वळिवड्याचे नाव अभिमानाने घेतो. कोल्हापूरजवळच्या त्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक स्त्रिया आणि मुले, बहुतेक आपल्याच धर्माची. पाहुणचाराची ही कथा आपण सांगतो. परंतु अन्नवस्त्राइतकीच त्यांना आपल्या माणसांच्या बातमीची भूक होती, हे सांगत नाही. सोव्हिएत सत्तेने त्यांना पूर्व पोलंडमधून सैबेरियात व कझाकस्तानात हाकलले, तेव्हाच घरे फुटली होती. कैदेतील हजारो पोलिश अधिकाऱ्यांची पत्रे १९४० च्या वसंतात एकाएकी थांबली. त्या साली सुमारे २२,००० कैद्यांना गोळ्या घालण्यात आल्या. काटिनच्या जंगलातील थडगी १९४३ मध्ये उघडकीस आली, तरी मॉस्कोने हा गुन्हा कबूल केला तो १९९० साली. पन्नास वर्षे ज्या बायकांना नवरा 'बेपत्ता' म्हणूनच ठाऊक होता, त्यांना 'मोकळे व्हा' असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

ज्यूंचे दुःख तर याहून वेगळे. त्यांच्यातील सुमारे ६० लाख माणसे मारली गेली. जे वाचले ते युद्ध संपताच यादीयादीतून आपले आडनाव शोधू लागले. जर्मनीतील आरोल्सेन गावी १९४६ पासून या शोधाचे दप्तर आहे. तेथे सुमारे १ कोटी ७५ लाख माणसांची नावे नोंदलेली आहेत आणि नातलगांची विचारणा आजही येते.

या शोधाच्या आड आपलीच माणसे आली होती, हे आपल्या घरांत बोलले जात नाही. रोबेर आणि जेराल फिनाली हे दोन ज्यू भाऊ. त्यांच्या आईवडिलांना १९४४ मध्ये फ्रान्सात पकडून आउश्वित्झला नेले. ते परतले नाहीत. ग्रेनोब्ल येथील एका कॅथलिक बाईने मुलांना वाचवले, ते ऋण नाकारू नये. परंतु १९४५ पासून न्यूझीलंडमधील आत्या त्यांना मागत होती, आणि मुले काही मिळत नव्हती. १९४८ मध्ये त्यांचा स्नानसंस्कार उरकण्यात आला. पुढे 'आता ही ख्रिस्तसभेची लेकरे' असे म्हणून त्यांना लपवण्यात आले. १९५३ मध्ये न्यायालयाने नातलगांच्या बाजूने निकाल दिला, तर धर्मगुरूंनी त्यांना पिरेनीज ओलांडून स्पेनमध्ये पोचवले! त्याच वर्षी ती अखेर नातलगांना मिळाली. पोप पायस बारावे यांच्या काळातील कागदपत्रे २०२० मध्ये अभ्यासकांना खुली झाली. मुले परत देऊ नयेत, असा सल्ला रोममधूनही गेला होता, हे त्यांतून दिसले. पवित्र संस्काराचे कुलूप करून आईबापाविना उरलेल्या पोरांना त्यांच्या रक्तापासून तोडले, याला मी दुसरा शब्द शोधणार नाही. ते पाप होते.

'पण फादर, शोधाने जखमा उघड्या पडतात. कुणी गुपचूप सोपवलेले मूल असते.' आक्षेप खोटा नाही. अशा ठिकाणी जपून पाऊल टाकावे. परंतु नोंदवही म्हणजे पापनिवेदन नव्हे. ती लिहिली जाते कुणीतरी वाचावी म्हणूनच.

आणि श्रद्धेचे म्हणाल, तर रोझरीच्या आनंदाच्या पाचव्या रहस्यात आपण कशाचे मनन करतो? हरवलेल्या बाळ येशूला मरिया आणि योसेफ तीन दिवस शोधत होते. तो तर प्रत्यक्ष देवाचा पुत्र. देवावर सोडून ते नाझरेथला गेले असते, तर त्यांना कोण नावे ठेवणार होते? आपण मात्र किल्ली हरवली की संत अंतोनीला मेणबत्ती लावून घर उलटेपालटे करतो, आणि माणूस हरवला की नुसती मेणबत्ती.

त्या नातवासाठी कपाट उघडले. वाळवीने दोन वह्यांचे कोपरे खाल्ले होते. तिसऱ्या वहीत नोंद सापडली. ती लॅटिनमध्ये होती. सेमिनरीत घोकलेले लॅटिन फार वर्षांनी कामी आले. आजीच्या बापाचे नाव, आईचे नाव, आणि धर्मपित्याच्या नावापुढे दुसऱ्या राज्यातील एका गावाचे नाव. नातवाने ते सारे आपल्या हाताने उतरवून घेतले. त्या गावच्या धर्मगुरूंना मी पत्र लिहिले आहे. दोन महिने झाले. अजून उत्तर नाही.